छापील ताळेबंदाला गुण देणं थांबवा

प्रति,
सांगली जिल्ह्यातील वाणिज्य आणि व्यवस्थापन महाविद्यालयांचे प्राचार्य, विभागप्रमुख आणि संगणक प्रयोगशाळा सांभाळणारे सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

कॉलेजच्या बैठकीत तंत्रज्ञानाचा विषय निघाला की दोनच ठराव पुढे येतात. एक, वर्गात मोबाइलला बंदी. दोन, आणखी संगणक, आणखी स्मार्ट बोर्ड, जमलं तर टॅब. पहिला ठराव गेटवरच्या शिपायाच्या गळ्यात पडतो, दुसरा खरेदी समितीच्या. अभ्यासक्रमाची अंमलबजावणी, प्रात्यक्षिकाची वही आणि गुणदानाचा तक्ता यांना कुणी हात लावत नाही. आमच्या मते खरी गोम तिथेच आहे. बीकॉम, बीबीए किंवा एमबीएच्या विद्यार्थ्याचं यंत्रामुळे भलं होतं की वाटोळं, हे त्याच्या हातात कोणतं यंत्र आहे यावर ठरत नाही. आपण त्याला गुण कशाचे देतो यावर ठरतं. आज बहुतेक ठिकाणी गुण मिळतात ते तयार, छापील कागदाला. आणि छापील कागद तर यंत्रच काढून देतं.

आधी मोबाइलबंदीचं बघू, कारण तो विषय लवकर संपतो. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत अर्थशास्त्राच्या पायाभूत विषयाच्या वर्गांचे यादृच्छिक पद्धतीने तीन गट केले होते: एका गटाला लॅपटॉप-टॅबची मोकळीक, दुसऱ्याला टॅब फक्त टेबलावर सपाट ठेवण्याची परवानगी म्हणजे पडदा शिक्षकाला दिसावा, आणि तिसऱ्याला काहीच नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार मोकळीक मिळालेल्यांचे अंतिम परीक्षेतले गुण ०.१८ प्रमाण विचलनाने खाली गेले. सपाट टॅबवाल्यांचंही जवळपास तेवढंच नुकसान झालं. हा आकडा समजायला असा: शंभर जणांच्या वर्गात बरोबर मध्ये असलेला विद्यार्थी साधारण सात नंबर मागे जातो. आकाश कोसळावं असा हा फरक नाही, पण फुकट सोडून द्यावा असाही नाही. २०१३ मध्ये कॅनडातल्या एका प्रयोगात त्याहून उपयोगाची गोष्ट दिसली. व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इकडचं-तिकडचं करणाऱ्यांना चाचणीत सुमारे ११ टक्के कमी गुण पडले. आणि ज्यांना त्यांचा पडदा दिसत होता, पण ज्यांच्या स्वतःच्या हातात फक्त वही-पेन होतं, त्यांना सुमारे १७ टक्के कमी.

म्हणजे गेटवर मोबाइल गोळा करून टोपल्या भरण्याची गरज नाही. ते चालतही नाही. जतहून आणि आटपाडीहून एसटीने येणारी मुलगी घरच्यांशी संपर्क तोडून दिवसभर राहणार नाही, आणि राहू नये. मोबाइल आवाज बंद करून दप्तरात, बाकावर नाही. ज्याला लॅपटॉपवरच टिपणं घ्यायची आहेत त्याने शेवटच्या रांगेत बसायचं, म्हणजे त्याचा पडदा कुणाच्या डोळ्यांपुढे येणार नाही. अंध किंवा अंधुक दृष्टीच्या विद्यार्थ्याला हा नियम लागू नाही. त्याने हवं तिथे बसावं. एवढ्या तीन ओळी सूचनाफलकावर लावल्या की मोबाइलचा विषय मिटला.

आता मुख्य मुद्दा. संगणकीय लेखांकनाच्या प्रात्यक्षिकात साधारणपणे काय चालतं? पुस्तकातला चाळीस-पन्नास व्यवहारांचा एक सराव देतात, विद्यार्थी तो टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतो, नफातोटा पत्रक आणि ताळेबंदाची प्रिंट काढतो, फाइलला लावतो. ताळेबंद जुळलेला असतो, सही होते, गुण मिळतात. पण टॅलीत नावे आणि जमा बाजू सारखी झाल्याशिवाय व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, सेव्हच होत नाही. त्यामुळे ताळेबंद जुळला ही विद्यार्थ्याची कमाई नव्हे, प्रोग्रामची सक्ती आहे. अकरावी-बारावीला त्याच मुलाने तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची नावे-जमा यादी) न जुळल्यावर अर्धा तास डोकं खाजवलेलं असतं, फरकाची रक्कम तात्पुरती ठेवायला निलंबित खातं उघडलेलं असतं. पदवीला आल्यावर ती झटापट संपते आणि तिच्याबरोबर तिने दिलेली शिस्तही जाते.

जुळलेल्या ताळेबंदात काय काय लपतं ते पाहा. यंत्राच्या दुरुस्तीचे १८,००० रुपये दुरुस्ती खर्चाऐवजी यंत्रसामग्री खात्याला गेले. नफा तेवढ्याने फुगला; १५ टक्के घसारा लावला तर २,७०० परत गेले, तरी १५,३०० रुपये खोटा नफा उरलाच. प्रिंट मात्र स्वच्छ. मालकाच्या घरचं वीजबिल धंद्याच्या खर्चात टाकलं, प्रिंट स्वच्छ. यूपीआयने आलेली एकच रक्कम एकदा गिऱ्हाइकाच्या मेसेजवरून आणि एकदा बँकेच्या उताऱ्यावरून, अशी दोनदा भरली, तरीही प्रिंट स्वच्छ. या कागदावर डोळे मिटून सही करणारा शिक्षक आळशी असतो असं नाही; ६० विद्यार्थ्यांच्या ६० सारख्या प्रिंट तपासून त्यातून काही कळणंच शक्य नसतं.

त्यात परवान्याची भानगड. बऱ्याच प्रयोगशाळांत टॅलीप्राइम शैक्षणिक मोडवर चालतं, कारण त्याला पैसे लागत नाहीत. या मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात. विद्यार्थी मग मुकाट सगळे व्यवहार १ तारखेला टाकतो. याचा परिणाम फार खोलवर जातो. उधारी किती दिवसांची झाली, हे त्याला कधी दिसतच नाही. बँक जुळणी निरर्थक ठरते, कारण चेक दिल्याची तारीख आणि वटल्याची तारीख यांत अंतरच नसतं. पुढे नोकरीत येणेकऱ्यांची ३०, ६०, ९० दिवसांची यादी मागितली की हा पदवीधर भांबावतो. यावर दोनच उपाय. जमत असेल तर प्रयोगशाळेच्या नेटवर्कवर चालणारा बहुवापरकर्ता परवाना घ्या. नसेल जमत, तर नोंदी टाकायला शिकण्यापुरता शैक्षणिक मोड ठेवा. आणि बँक जुळणी व उधारीचं वय हे दोन भाग एक्सेलवर किंवा लिब्रेऑफिस कॅल्कवर करून घ्या. कॅल्क फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं.

मग गुण कशाला द्यायचे? आमची सूचना एका वाक्यात सांगायची तर अशी: तयार करण्याचे गुण कमी करा, चूक शोधण्याचे वाढवा. पद्धत खाली देतो. ती बसवायला नवा संगणक लागत नाही.

पहिल्या दोन प्रात्यक्षिकांत संगणकच सुरू करायचा नाही. बारा व्यवहार, कागदावर. शंभर नकोत, बाराच, पण ते आपल्या मातीतले. सांगलीत शिकणाऱ्याला पुस्तकातल्या ‘एक्स लिमिटेड’पेक्षा हळदीचा सौदा जास्त कळतो. उदाहरणार्थ: व्यापाऱ्याने बाजार समितीच्या सौद्यात ४० पोती, म्हणजे ५० किलोच्या हिशेबाने २० क्विंटल हळद, क्विंटलला १५,००० धरून ३,००,००० ला घेतली. पट्टीवर, म्हणजे सौद्याच्या हिशेबाच्या कागदावर, हमाली आणि तोलाई वेगळी दाखवली आहे. तीच हळद त्याने ३,२०,००० ला अथणीच्या दुकानदाराला विकली. हळदीवर ५ टक्के जीएसटी. विद्यार्थ्याने बिल हाताने लिहायचं. अथणी कर्नाटकात, ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे २९, आपल्याकडचे २७. म्हणून कर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा), १६,००० रुपये, बिल ३,३६,००० चं. तोच माल पुण्याला गेला असता तर केंद्राचा सीजीएसटी ८,००० आणि राज्याचा एसजीएसटी ८,०००. एकूण आकडा तोच, आणि चूक होते ती त्यामुळेच. मिरजेपासून राज्याची हद्द हाकेच्या अंतरावर असल्यामुळे आपल्या जिल्ह्यात ही चूक रोज होऊ शकते. झाली, तर बरोबर कर पुन्हा भरायचा आणि चुकून भरलेल्याचा परतावा मागत बसायचं, शिवाय समोरच्याची करवजावट अडकते. हे सगळं हाताने एकदा लिहिलेल्या मुलाला टॅलीत करखातं निवडताना थांबावंसं वाटतं. थेट टॅलीवर बसवलेला मुलगा यादीतलं पहिलं नाव निवडून पुढे जातो.

पट्टीवरून आणि बिलांवरून रोजकीर्द, तिथून खतावणी, मग तेरीज. यात ४० ते ५० मिनिटं जातात, जाऊ द्या. तिसऱ्या प्रात्यक्षिकात तेच बारा व्यवहार टॅलीत. आता हातची तेरीज आणि यंत्राची तेरीज शेजारी ठेवायची. फरक आला तर त्या दोन्हींत कोण चुकलं हे शोधायचं, आणि शोध कागदावर लिहायचा. बहुधा हातची चूक निघते. कधी कधी यंत्रावर खातं चुकीच्या गटात उघडलेलं असतं. उदाहरणार्थ, ‘हमाली’ अप्रत्यक्ष खर्चात टाकली की ढोबळ नफा वाढतो आणि निव्वळ नफा तसाच राहतो. हा एक फरक शोधला की प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष खर्चावरची चार पानं पाठ करावी लागत नाहीत.

चौथ्या प्रात्यक्षिकापासून खरी परीक्षा. शिक्षकाने चाळीस व्हाउचरची एक कंपनी एकदाच नीट तयार करायची आणि तिचा बॅकअप ठेवायचा. मग पंधरा चुकांची यादी करायची: भांडवली खर्च महसुली दाखवला किंवा उलट, अथणीच्या बिलाला सीजीएसटी-एसजीएसटी, यूपीआयची दुहेरी नोंद, बँकेचे चार्जेस राहिले, मालकाची उचल खर्चात, खरेदी परत केलेला माल विक्रीत, देणेकऱ्याच्या नावातल्या साधर्म्यामुळे रक्कम दुसऱ्याच्या खात्यात, वगैरे. प्रत्येक संचात यांतल्या सहा चुका पेरायच्या. असे पाच संच केले की वीस जणांच्या बॅचला पुरतात, कारण शेजारी-शेजारी बसलेल्यांना वेगळे संच देता येतात. विद्यार्थ्याला टॅलीचा डेटा, मूळ बिलांच्या झेरॉक्स आणि बँकेचा उतारा द्यायचा, वेळ ५० मिनिटं. उत्तर कागदावर पेनाने: कोणतं व्हाउचर चुकलं, कशावरून कळलं, नफ्यावर किती रुपयांचा परिणाम. वीस गुणांपैकी प्रत्येक चुकीला तीन, म्हणजे अठरा; उरलेले दोन बरोबर नोंदीला चूक न म्हटल्याबद्दल. हे शेवटचे दोन गुण काढू नका. ते नसले की मुलं चाळीसच्या चाळीस व्हाउचरवर फुली मारून मोकळी होतात.

संच तयार करायला शिक्षकाची पहिल्या वर्षी एक सुट्टी जाते हे खरं. पण तपासणीचा वेळ वाचतो, कारण उत्तर अर्ध्या पानाचं असतं.

टॅलीप्राइममधल्या एडिट लॉगचाही वापर करा. प्रत्येकाला वेगळं वापरकर्ता नाव आणि पासवर्ड द्या. कोणतं व्हाउचर कुणी, कधी केलं आणि कधी बदललं हे त्यात दिसतं. पन्नास व्हाउचर सहा मिनिटांत ‘तयार’ झाली असतील तर ती कुठून आली हे विचारायला शिक्षकाला वेगळा पुरावा लागत नाही. शिवाय हा अभ्यासाचाच भाग आहे. १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणारी सोय असणं कायद्याने बंधनकारक आहे. ती नोंद पाहणं, वाचणं मुलांना आलं पाहिजे.

प्रयोगशाळेच्या व्यवस्थेबद्दल थोडं. दोघांत एक संगणक असेल तर लाजायचं कारण नाही. उलट एकाने टाकायचं, दुसऱ्याने बिल हातात धरून तपासायचं, दर वीस मिनिटांनी जागा बदलायची. हे बदलणं घड्याळ लावून केलं नाही तर टंकलेखन येणारा एकच जण तीन वर्षं बसून राहतो. कंपनीचं नाव हजेरी क्रमांकाने द्या, नाहीतर दुपारची बॅच सकाळच्या बॅचचा डेटा पुसते. मध्येच वीज गेली तर उघड्या कंपनीचा डेटा बिघडू शकतो, म्हणून निदान सर्व्हर आणि डेटा असलेल्या संगणकाला यूपीएस, आणि तास संपायच्या पाच मिनिटं आधी बॅकअप. विद्यार्थ्यांचे पेन ड्राइव्ह लावू देऊ नका. घरी न्यायचं असेल ते ईमेलने जावं.

एक्सेलकडे वळतो, कारण व्यवस्थापनाच्या मुलांचं जास्त नुकसान इथे होतं. भांडवली अंदाजपत्रकाचं साधं उदाहरण घ्या: १,००,००० ची गुंतवणूक, तीन वर्षं दरसाल ४०,००० परत, दर १० टक्के. हाताने केलं तर परताव्यांचं आजचं मूल्य ९९,४७४, म्हणून निव्वळ वर्तमान मूल्य उणे ५२६. आता विद्यार्थी एक्सेलचं एनपीव्ही सूत्र वापरतो आणि चारही आकडे, उणे एक लाख धरून, त्यात घालतो. उत्तर येतं उणे ४७८. कारण ते सूत्र पहिला आकडा पहिल्या वर्षाच्या शेवटी धरतं. सुरुवातीची गुंतवणूक सूत्राच्या बाहेर ठेवून मिळवायला हवी. यातली वाईट गोष्ट अशी की चिन्ह तेच राहतं, प्रकल्प नाकारण्याचा निर्णयही तोच राहतो, आणि चूक पकडली जात नाही.

कर्जाच्या हप्त्यात चूक उघडी पडते, पण तीही मुलांना दिसत नाही हे जास्त चिंतेचं. ५ लाखांचं कर्ज, १२ टक्के, पाच वर्षं. हप्ता काढणाऱ्या पीएमटी सूत्रात दर बाराने भागायचा राहिला आणि हप्ते ६० टाकले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६०,०६७ येतो. ५ लाखांच्या कर्जाला महिन्याला साठ हजार! तरीही तो आकडा सादरीकरणाच्या स्लाइडवर जातो. उपाय सोपा: सूत्र टाइप करण्याआधी अंदाज लिहायचा, आणि त्याला गुण द्यायचे. ५ लाख भागिले ६०, म्हणजे मुद्दल ८,३३३. पहिल्या महिन्याचं व्याज ५,०००, शेवटी जवळपास शून्य, सरासरी अडीच हजार. हप्ता अकरा हजारांच्या आसपास हवा. खरं उत्तर ११,१२२. पाच गुणांच्या गणितात दोन गुण या अंदाजाला ठेवा, मग बघा मुलं पडद्यावरच्या आकड्याकडे कशी पाहतात.

आणखी दोन खड्डे सांगून ठेवतो. यादीतून नोंद शोधणाऱ्या व्हीलुकअप सूत्राचा चौथा भाग रिकामा सोडला तर एक्सेल ‘जवळचं’ उत्तर शोधतं आणि यादी क्रमाने लावलेली नसेल तर बिनदिक्कत चुकीचं देतं; तिथे ‘फॉल्स’ किंवा शून्य लिहायची सवय लावा. आणि संगणकाची तारखेची मांडणी अमेरिकन असेल तर ०३/०४/२०२५ ही ३ एप्रिल न राहता ४ मार्च होते, म्हणजे व्यवहार थेट मागच्या आर्थिक वर्षात. प्रयोगशाळेतल्या सगळ्या संगणकांवर ही मांडणी सत्राच्या पहिल्या दिवशीच तपासून घ्या.

एआयचं काय, हा प्रश्न आता प्रत्येक बैठकीत येतो. तुर्कस्तानात शाळेच्या वरच्या वर्गांतल्या जवळपास हजार विद्यार्थ्यांवर गणितासाठी प्रयोग झाला. साधा चॅटजीपीटीसारखा मदतनीस दिलेल्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मदतनीस काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा हे १७ टक्क्यांनी मागे पडले. तिसऱ्या गटाला असा मदतनीस दिला होता जो उत्तर न देता शिक्षकाने ठरवलेल्या सूचना देतो. त्यांचे सरावातले गुण १२७ टक्क्यांनी वाढले आणि परीक्षेतलं नुकसान बहुतांश टळलं. आपल्या परीक्षा कागद-पेनावर होतात. घरून करून आणायच्या गृहपाठाला गुण देत राहिलो, तर आपण नेमका पहिला प्रकार घडवतो: वर्षभर अंतर्गत गुण भरघोस, आणि सत्रान्त परीक्षेत तोच मुलगा एटीकेटीत.

म्हणून गृहपाठावरचे गुण गृहपाठ आणल्यावर होणाऱ्या तीन मिनिटांच्या तोंडी परीक्षेला द्या. साठ जणांना तीन मिनिटं म्हणजे तीन तास. आठवड्याला पंधरा जण घेतले तर महिन्यात सगळे होतात. प्रश्न एकच पुरे: ‘या उत्तरातला हा आकडा बदलून दुप्पट केला तर पुढे काय काय बदलेल?’ ज्याने समजून घेतलंय, मग ते एआयकडून का असेना, तो सांगतो. आम्हाला एआयचं वावडं नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ‘खेळतं भांडवल’ माहीत असतं, पण इंग्रजी परिच्छेद वाचून घाम फुटतो. त्याने तो परिच्छेद एआयकडून मराठीत समजावून घ्यावा, मग बंद करून स्वतःच्या इंग्रजीत पाच ओळी लिहाव्यात. हा वापर चांगला, आणि तोंडी परीक्षेत तो तरून जातो.

कराच्या बाबतीत मात्र सावध. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. बहुतेक वस्तू आता ५ किंवा १८ मध्ये आहेत, मोजक्या ४० मध्ये. यूट्यूबवरचे जुने धडे, सीनियरकडून व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफ आणि एआयची उत्तरं यांत जुने दर सर्रास सापडतात. त्याहून सूक्ष्म गोष्ट बेदाण्याची. तासगावच्या सौद्यात शेतकऱ्याने स्वतःच्या द्राक्षांचा बेदाणा विकला तर जीएसटी किती? घाईत शोधलं की ५ टक्के असं उत्तर हाती लागतं, कारण बेदाण्याचा दर तो आहे. पण वस्तूचा दर आणि विक्रेत्याची जबाबदारी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शेतकऱ्याने विकलेल्या बेदाण्यावर कर लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेने तसं स्पष्टीकरण देण्याची शिफारस केली होती. हा प्रश्न एआयला विचारून, आलेलं उत्तर तपासून, चूक असल्यास का चूक ते लिहा, असा गृहपाठ द्या. आपल्या जिल्ह्यात यापेक्षा चांगला गृहपाठ सापडणं कठीण.

‘नोकरीत तर सगळं मशीनवरच असतं, मग हा हाताचा खटाटोप कशाला?’ हा आक्षेप विद्यार्थ्यांपेक्षा पालक जास्त घेतात. करसल्लागाराच्या ऑफिसात नव्या मुलाला पहिलं काम काय मिळतं ते विचारा. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तयार होणारं जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून बनलेली करवजावटीची यादी) आणि व्यापाऱ्याची खरेदी नोंदवही जुळवणं. आकडे यंत्राने आणलेले असतात. न जुळलेली बिलं माणसाने बघायची असतात. पुरवठादाराने बिल क्रमांक ‘००४५/२५-२६’ भरला, व्यापाऱ्याने नुसता ‘४५’. एकाने मार्चच्या शेवटी बिल फाडलं, दुसऱ्याने एप्रिलमध्ये माल आल्यावर नोंदलं. २० तारखेच्या विवरणपत्राआधी हे निस्तरायचं असतं. यंत्राने सोडलेलं तेवढंच काम माणसाला उरतं आणि ते सगळं चूक शोधण्याचंच आहे. जीएसटी पोर्टलवरून मिळणारं ऑफलाइन टूल फुकट आहे. प्रत्यक्ष लॉगिन न करता जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राचा सराव त्यावर होतो. तो ठेवा.

व्याख्यानांबद्दल एकच सुचवतो. तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटं, पाव कागदावर पाच प्रश्न: चार मागच्या आठवड्याचे, एक महिन्यापूर्वीचा. वही बंद. २००६ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्यानंतर त्यांना ४२ टक्के आठवलं आणि वाचल्यावर स्वतःची चाचणी देणाऱ्यांना ५६ टक्के. दुप्पट वेगाने तेच लेक्चर तिसऱ्यांदा बघणाऱ्या मुलाला अभ्यास झाल्यासारखा का वाटतो आणि पेपरात का आठवत नाही, ते यात आहे. हे प्रश्न गुगल फॉर्मवर घेऊ नका. त्याचा कुलूपबंद प्रकार संस्थेने नियंत्रित केलेल्या क्रोमबुकवरच चालतो. मोबाइलवर शेजारच्या टॅबमध्ये उत्तर उघडं असतं.

शेवटचा विषय थोडा टोचेल. ‘तंत्रज्ञानाचा वापर आणि विद्यार्थ्यांची शैक्षणिक कामगिरी’ या शीर्षकाचे प्रकल्प अहवाल बीबीए-एमबीएत दरवर्षी सादर होतात. पद्धत ठरलेली: व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्म, शंभर प्रतिसाद, ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’, काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींचा संबंध आहे का ते पाहणारं संख्याशास्त्राचं गणित), आणि तंत्रज्ञानाचा सकारात्मक परिणाम होतो असा निष्कर्ष. यातून काहीच कळत नाही. प्रतिसाद देणारे मित्रच असतात. वापराचे तास प्रत्येकाने मनानेच सांगितलेले असतात. रील्स आणि लेखांकनाचं लेक्चर एकाच ‘वापर’ रकान्यात जातं. आणि हुशार मुलं जास्त लेक्चर बघतात की लेक्चर बघून हुशार होतात, हे वेगळं करायची काही सोय केलेली नसते.

त्याऐवजी हे करता येतं. अँड्रॉइडमधल्या ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये कोणत्या ॲपवर किती वेळ गेला ते दिसतं. विद्यार्थ्याने स्वतः बघून तीनच बेरजा लिहून द्याव्यात: अभ्यास, गप्पा, करमणूक. स्क्रीनशॉट मागू नका. कुणाच्या मोबाइलवर कोणतं ॲप आहे हा कॉलेजचा विषय नव्हे. लेखी संमती घ्या, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा, मागच्या सत्राचे गुण सोबत धरा, म्हणजे आधीपासूनचा फरक वेगळा काढता येईल. आणि खरोखर काही सिद्ध करायचं असेल तर एकाच वर्गाचे सम-विषम हजेरी क्रमांकाने दोन गट करा. चार आठवडे एका गटाला जुनी प्रिंटची पद्धत, दुसऱ्याला चूक शोधण्याची. नंतर दोघांना एकच कागदी चाचणी, तपासणाऱ्याला गट माहीत नसावा. मग पुढच्या घटकाला गट उलटे करा, म्हणजे कुणावर अन्याय होणार नाही. निकाल आमच्या म्हणण्याविरुद्ध गेला तर तोही सूचनाफलकावर लावा. या प्रयोगाला चुकांचे पाच संच आणि झेरॉक्सचे पैसे, एवढंच लागतं. ज्यांना संच हवे असतील त्यांना आम्ही हळद, बेदाणा आणि किराणा दुकान या तीन धंद्यांचे तयार करून देऊ.

कळावे,
आपले,
सांगली-मिरज परिसरात वाणिज्य शिकवणारे आणि हिशेबाच्या व्यवसायात असलेले काही सहकारी